आधी सांगायचं, मग तसंच करायचं: ऑटिझम, एलडी (अध्ययन अक्षमता) आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या वाचकांसाठी आपलं वाचनालय कसं तयार करायचं

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि रेल्वे म्हणजे त्याचा जीव की प्राण. पंचवटी एक्सप्रेसचा नंबर मुंबईला जाताना १२११०, येताना १२१०९, कसारा घाट चढायला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात ती कुठं जोडतात नि कुठं सोडतात, सगळं तोंडपाठ. नऊ वर्षांचा असताना एका वाचनालयात, नाव घेत नाही, त्याला रेल्वेचं पुस्तक सापडलं आणि तो आनंदाने मोठ्याने वाचायला लागला, हात पण हलवत होता, पेपर वाचणारे एक आजोबा वैतागले, मग काउंटरवरून एकजण उठून आले आणि काही न बोलता त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. पुढं काय झालं ते ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सांगायला नको. दोन वर्षं आम्ही कुठल्याच वाचनालयाची पायरी चढलो नाही.

नंतर नाशिकच्या सिडकोकडच्या एका छोट्या वाचनालयात मी एकटीच गेले, अंदाज घ्यायला. तिथल्या ग्रंथपाल ताईंना ऑटिझमबद्दल फार माहिती नव्हती पण त्यांनी एक प्रश्न विचारला, "त्याला आधी काय काय कळलेलं असलं तर बरं पडेल?" बस्स. गेली पाच वर्षं तो तिथला सभासद आहे, आणि त्या पाच वर्षांत ताईंनी आणि आम्ही तीन-चार पालकांनी मिळून जे करून बघितलं ते इथं लिहितेय. नाशिकमध्ये वाचनालयांना तोटा नाही, सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे, शिवाय कॉलन्या-कॉलन्यांत छोटी वाचनालयं आहेत. हे वाचून त्यातल्या एखाद्या ग्रंथपालाने पुढच्या आठवड्यात एक जरी गोष्ट केली तरी मला खूप आहे.

शब्दांचा घोळ आधी मिटवू

तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सरसकट "स्पेशल मूल" म्हणून एकत्र करतात. ऑटिझम, मराठीत स्वमग्नता, यात बोलण्याची-वागण्याची आणि आवाज, उजेड, वास, स्पर्श जाणवण्याची पद्धत वेगळी असते, बुद्धी कमी असेलच असं नाही. एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सिया त्यातला, हुशार मूल पण अक्षर आणि आवाज यांची सांगड चटकन बसत नाही त्यामुळे वाचन फार दमवतं. आणि बौद्धिक अक्षमता, ज्याला आधी मतिमंद म्हणायचे (तो शब्द आता नकोच), त्यात समजायला वेळ लागतो, सोप्या भाषेत आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एकाच माणसात दोन गोष्टी असूही शकतात. वाचनालयाला निदान करायचं नाहीये, पण एवढं माहीत पाहिजे की एलडीवाल्या मुलाला बडबडगीतांचं पुस्तक दिलं तर तो अपमान आहे आणि ऑटिस्टिक मुलाला "इकडे बघ, माझ्या डोळ्यात बघून बोल" म्हणणं ही शिक्षा आहे.

पहिलं काम: स्वतः दारापासून चालून या

एक पैसा लागत नाही. वही-पेन घ्या आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी गेटपासून खुर्चीपर्यंत चाला, काय ऐकू येतं, कसला वास येतो, कुठं डोळ्यांवर उजेड येतो ते लिहा. आमच्या ताईंच्या वहीत पहिल्याच दिवशी नऊ गोष्टी निघाल्या. एक ट्यूबलाइट फडफडत होती, रोज तिथं बसणाऱ्याला ते दिसेनासं होतं पण माझ्या मुलाला ती फडफड आणि चोकची गुणगुण असह्य होते. कपाटांत डांबरगोळ्यांचा वास. लोखंडी खुर्ची फरशीवर सरकवली की होणारा तो आवाज. चप्पल बाहेर काढायची सक्ती, कारण काही मुलांना गार फरशीचा स्पर्शच सहन होत नाही.

यातलं बरंचसं शे-दोनशे रुपयांत सुटलं. ट्यूब काढून एलईडी लावली, खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच बसवले, डांबरगोळ्या बाल विभागाच्या कपाटातून काढून कडुलिंबाचा वाळका पाला ठेवला, त्यालाही थोडा वास येतोच पण मुलांनी तक्रार केली नाही. चपलेचं म्हणाल तर "मोजे घालून चालेल" एवढी एक ओळ पाटीवर वाढवली. रस्त्यावरचा आवाज, लग्नाची वरात, गणपतीतले ढोल हे काही वाचनालयाच्या हातात नाही, पण त्या दिवशी घरी एक मेसेज टाकणं नक्की हातात आहे.

दुसरं: फोटोंची पुस्तिका

मला सगळ्यात जास्त भरवसा याचाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑटिस्टिक माणसाला नवीन जागेची भीती बहुतेक वेळा "पुढं काय होणार ते माहीत नाही" याची असते. ते आधीच दाखवलं की अर्धी लढाई जिंकली. थेरपिस्ट लोक याला सोशल स्टोरी म्हणतात, पण करायला साधी आहे.

मोबाइलवर दहा-बारा फोटो काढा, वाचक ज्या क्रमाने जाणार त्याच क्रमाने: रस्त्यावरून दिसणारी पाटी, गेट, जिना, चप्पल ठेवायची जागा, काउंटर, काउंटरवरच्या ताई किंवा काका, बाल विभाग, कपाट, बसायची जागा, पाणी, टॉयलेट, बाहेर पडायचं दार. प्रत्येक फोटोखाली एकच छोटं वाक्य. "मी जिना चढतो. चौदा पायऱ्या आहेत." "ताई माझं कार्ड मागतात. मी कार्ड देतो." "कधी कधी मला हवं ते पुस्तक दुसऱ्याने नेलेलं असतं. मग मी दुसरं पुस्तक घेतो किंवा ताई माझं नाव लिहून ठेवतात." हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथंच होते. वाक्य "मी" पासून लिहा, हुकूम नको, "ओरडू नये", "पळू नये" असलं काही नको. आणि खोटं आश्वासनही नको. "तिथं शांत असतं" असं लिहिलं आणि त्या दिवशी वर ड्रिलिंग चालू असलं तर पुन्हा त्या पुस्तिकेवर विश्वास बसत नाही, त्यापेक्षा "बहुतेक वेळा शांत असतं" लिहा.

ए-फोर कागदावर प्रिंट काढून लॅमिनेट करा, दोन प्रती काउंटरवर, आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवायला तयार ठेवा. आम्ही आठ दिवस रोज रात्री झोपताना ती पुस्तिका वाचली आणि नवव्या दिवशी गेलो, मुलाने आत शिरताना पायऱ्या मोजल्या, चौदाच निघाल्या, आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मला अजून आठवतो. पाय ठेवायच्या आधीच ती जागा त्याची झालेली होती.

काउंटरवर काय बदलायचं

आपल्याकडे खूप ठिकाणी अजून चिठ्ठी पद्धत आहे, यादीत बघून दाखल क्रमांक लिहायचा, चिठ्ठी द्यायची, मग आतून पुस्तक येतं. डिस्लेक्सिया असलेल्याला यादी वाचणंच अवघड, क्रमांक उलटसुलट लिहिला जातो, मागं रांग उभी, आणि सगळ्यांसमोर "नीट लिहा हो" ऐकावं लागतं. शक्य असेल तर निदान बाल विभाग आणि एक छोटं कपाट मुक्तद्वार ठेवा, स्वतः हात लावून, चित्र बघून निवडता येऊ द्या. ते जमत नसेल तर मुखपृष्ठांच्या फोटोंचा एक अल्बम करा, बोट दाखवायचं आणि पुस्तक यायचं.

जिथं ड्युई दशांश पद्धत, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे द्यायची पद्धत, वापरतात तिथं एक मजा आहे, आकड्यांची आवड असलेल्या मुलांना ती फार पटकन कळते. रेल्वे ३८५, खगोलशास्त्र ५२०, पक्षी ५९८. माझ्या मुलाला "३८५" सांगितलं की तो थेट कपाटाशी जातो, मग मोठ्यांचं वाचनालय असो की शाळेचं. कपाटांवर आकड्याशेजारी चित्र लावा, रेल्वे, चंद्र, पक्षी, म्हणजे ज्याला आकडे आवडत नाहीत त्याचीही सोय होते.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट, आणि मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला गप्प राहणं जमत नाही, तीन सेकंदांत आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो आणि समोरच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रश्न त्या व्यक्तीला विचारा, सोबतच्या आईला नाही. "याला काय पाहिजे?" हे वाक्य माझ्या मुलाने हजारदा ऐकलंय, तो शेजारी उभा असतो आणि त्याला सगळं कळतं. जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी काउंटरवर एक चित्रांचा तक्ता ठेवा: पुस्तक हवंय, पुस्तक परत, मदत, पाणी, टॉयलेट, खूप आवाज आहे, घरी जायचंय, हो, नाही. नऊ चौकोन पुरतात.

सभासदत्व आणि नियम

फॉर्मवर "अपंगत्व आहे का?" असा रकाना नको, आणि पुस्तकासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मागणं तर बरोबरच नाही, कित्येक घरांत ते अजून काढलेलंच नसतं आणि कित्येकांना ते चार लोकांत दाखवायचं नसतं. त्याऐवजी सगळ्यांच्याच फॉर्मवर एक ओळ घाला: "वाचनालय वापरताना तुम्हाला कशाने सोपं जाईल?" आमच्याकडे यावर एका आजींनी "बसायला पाठ असलेली खुर्ची" लिहिलं, म्हणजे फायदा सगळ्यांचाच झाला. अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस असेल तर सही त्याची घ्या, येत नसेल तर अंगठा चालतो.

नियमांत तीन गोष्टी सैल करा. मुदत दुप्पट द्या कारण वाचायला वेळ लागतो. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा नेऊ द्या, माझ्या मुलाने एक ॲटलास सलग अकरा वेळा नेला, "दुसऱ्यांनाही मिळालं पाहिजे" असं कोणी म्हणालं तर तो मुद्दा खरा आहे, मग दुसरी प्रत घ्या किंवा मधे एक आठवडा ठेवा पण तो आठवडा कॅलेंडरवर लिहून दाखवा. आणि फाटलेल्या पानाचा दंड पहिल्या वेळेला घेऊ नका, चिकटपट्टी त्या मुलाच्याच हातात द्या, पान कसं जोडायचं ते दाखवा.

शांत तास आणि शांत कोपरा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांत तास म्हणजे आठवड्यातली ठरलेली एक वेळ जेव्हा दिवे मंद, पंखा हळू, फोन बंद, गर्दी कमी. बऱ्याच वाचनालयांत दुपारी बंद असतं आणि चारच्या सुमारास उघडतं, तर उघडल्या उघडल्याचा पहिला तास सगळ्यात चांगला. वार एकच ठेवा, कधीही बदलू नका. इथं एक गंमत आहे, "शांत" म्हणजे वाचकांनी गप्प बसायचं असं नाही, या तासात मुलांनी मोठ्याने वाचलं, गुणगुणलं, डुललं तरी चालतं, शांत व्हायचंय ते वाचनालयाने. अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या मुलांना हे आधी समजावून सांगा, आमच्याकडे त्यांनी कुरकुर केली नाही, उलट दोघंजण पुस्तकं लावायला येतात.

कोपरा मात्र रोज हवा. एखादं कपाट आडवं लावून तीन बाजू बंद केल्या, खाली सतरंजी, एक जाड उशी, भिंतीकडे तोंड करून बसता येईल अशी जागा, आणि कान झाकायचे हेडफोन, कारखान्यात कामगार वापरतात तसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. कोपऱ्याला "शिक्षेची जागा" होऊ देऊ नका, म्हणजे कोणालाही "जा तिकडे बस" म्हणून पाठवायचं नाही, ज्याला वाटेल तो आपणहून जाईल.

डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी पुस्तकं

देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि त्यावर इंग्रजीतला सल्ला जसाच्या तसा चालत नाही. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, ट-ठ-ढ ही जोडगोळी गोंधळ घालते, "ख" चा "रव" होतो, जोडाक्षरं आणि रफार यांना डोळा अडखळतो, आणि मात्रा अक्षराच्या वर-खाली-मागे-पुढे असल्याने ओळ सरळ वाचून भागत नाही. म्हणून पुस्तक निवडताना बघा: अक्षर मोठं आणि मोकळं, ओळींत अंतर भरपूर, कागद चकचकीत पांढरा नसून जरा पिवळसर, आणि डावीकडून सुरू होणाऱ्या ओळी उजवीकडे ताणून सरळ केलेल्या नसल्या तर उत्तम. कार्डबोर्डला एका ओळीएवढी खिडकी कापून ते कार्ड प्रत्येक पुस्तकासोबत द्या, दोन मिनिटांत तयार होतं आणि मुलं ते घरी पण मागतात.

वाचनालयात स्वतः काही छापणार असाल तर मुक्ता हा फॉन्ट फुकट आहे आणि सुटसुटीत आहे, १६ पॉइंटच्या खाली जाऊ नका. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मिळतात आणि त्यांचं लायसन्स मोकळं आहे, म्हणजे नाव देऊन तुम्ही त्या मोठ्या अक्षरात छापू शकता, सोप्या पण करू शकता. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासूनचं आहे, त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, ते मोठ्या स्क्रीनवर झूम करून वाचायला फार छान.

ऐकणं म्हणजे पण वाचणंच, हे पालकांना सांगायला लागतं. पुस्तक हातात आणि आवाज कानात असं एकाच वेळी झालं की खूप मुलं पुढं सरकतात. मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला कॉलेजची मुलं, रिटायर्ड शिक्षक आनंदाने येतात. "कॉपीराइटचं काय?" असं कार्यकारिणीत कोणीतरी विचारणारच, तर २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ५२(१)(झेडबी) हे कलम आलं, अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं सुलभ रूप करायला परवानगी लागत नाही, अट एवढीच की त्यातून नफा कमवायचा नाही आणि ती प्रत त्या वाचकांपुरतीच ठेवायची. शिवाय २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी, त्यात नाव नोंदवायला घरच्यांना मदत करा.

मोठ्या वाचकांना बाल विभागात पाठवू नका

तीस वर्षांचा माणूस, बौद्धिक अक्षमता असलेला, त्याला चांदोबा-ससा-कासव द्यायचं आणि छोट्या खुर्चीवर बसवायचं, हे मी पाहिलंय आणि मला ते फार लागतं. त्याला क्रिकेट हवं असतं, शेती, नट-नट्या, स्वयंपाक, गाड्या, देवस्थानं. फोटो जास्त आणि मजकूर कमी अशी मोठ्यांच्या विषयांची पुस्तकं, मासिकं, नकाशे यांचं एक कपाट मोठ्यांच्या विभागातच करा, पाटी लावा "सोपं वाचन", त्यात नवसाक्षर आजीसुद्धा येऊन बसतील आणि कोणावर शिक्का बसणार नाही.

वाचनालयाच्या पाट्याही याच पद्धतीने लिहा. "सभासदांनी विहित मुदतीत ग्रंथ परत न केल्यास विलंब शुल्क आकारण्यात येईल" ऐवजी "पुस्तक पंधरा दिवसांत परत द्या. उशीर झाला तर रोज एक रुपया." शेजारी कॅलेंडरचं चित्र. लिहून झालं की ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्याकडूनच वाचून घ्या, आमची पहिली पाटी दोन मुलांनी नापास केली होती.

काम पण द्या. शिक्का मारणं, क्रमाने पुस्तकं लावणं, कव्हर घालणं, यात काही ऑटिस्टिक तरुण आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोर असतात. नियमित काम असेल तर मानधन द्या.

एखाद्याचा तोल गेला तर

ओरडणं, जमिनीवर पडणं, डोकं आपटणं, याला मेल्टडाउन म्हणतात आणि तो हट्ट नसतो, सहन करायची हद्द संपलेली असते. त्या वेळी बोलणं जवळजवळ बंद करा. बघ्यांना हळूच दुसऱ्या खोलीत न्या, दिवा-पंखा कमी करा, डोक्याखाली उशी सरकवा, हात लावू नका जोपर्यंत सोबतचे सांगत नाहीत किंवा जिवाला धोका नाही. मोबाइल कोणी काढला तर तिथल्या तिथं बंद करायला लावा. आईला सल्ला नको, पाण्याचा ग्लास द्या. नंतर दोन दिवसांनी फोन करून एवढंच म्हणा की पुढच्या वेळी कधी येताय. आम्हाला पहिल्यांदा तो फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते.

कायदा आणि पैसा, थोडक्यात

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता, एलडी पण नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि दोन्ही आले, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही, हक्क मागतोय, पण कार्यकारिणीपुढे जाताना मी कायद्याआधी भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच नियमांतला दुसरा नियम सांगते, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. पैशासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, त्यांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करा. आणि जी मुलं वाचनालयापर्यंत येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी पेटी न्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' मधून पुस्तकांच्या पेट्या नाशिकमधूनच बाहेर पाठवल्या, तीच युक्ती जवळच्या विशेष शाळेसाठी छोट्या प्रमाणावर सहज जमेल, महिन्याला एक पेटी, आत पुस्तकं, खिडकीची कार्डं आणि फोटोंची पुस्तिका.

आणखी एक राहिलं. कपाटं हलवायची असतील, रंगकाम असेल, सुट्टी बदलणार असेल, ताई रजेवर जाणार असतील, तर आठवडाभर आधी त्या घरांना फोन करा आणि शक्य असेल तर नव्या मांडणीचा एक फोटो पाठवा. आता सिंहस्थ जवळ आलाय, रस्ते बदलणार, बस वेगळ्या वाटेने जाणार, गर्दी होणार. अशा घरांचे नंबर एका वहीत वेगळे लिहून ठेवा, घरच्यांना विचारूनच, आणि ती वही काउंटरच्या खणात ठेवा. आमच्या ताईंनी नंबरासमोर प्रत्येकाची एक-एक ओळ लिहिलीय, माझ्या मुलासमोर लिहिलंय, "३८५. पंखा हळू. मागून बोलू नये."